रंगावर जाऊ नये

तांपेरे, नोव्हेंबर. दुपारी साडेतीनलाच
खिडकीतला धबधबा दिसेनासा होतो,
उरतो नुसता त्याचा आवाज.
ओट्यावर राळेचा धूर,
आणि बशीत, जिथं पावाचे तुकडे असायला हवेत,
दोनशे वीस ओहमचे चार रेझिस्टर.

शुक्रवारी वाजवायचंय.
जुन्या सूतगिरणीचं तळघर, चाळीसेक माणसं,
आणि माझ्याहून वयाने मोठा एक गेमबॉय.

कीबोर्ड बोलतो: त्याचा दिवा लुकलुकतो.
मधल्या पट्टीवरची चिप ऐकते: तिचाही लुकलुकतो.
गेमबॉय मात्र ढिम्म.
हिरवट पडद्यावर कर्सर,
जेवायला बोलावूनही न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.

घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?

बॅटऱ्या बदलल्या, चारही.
काडतूस काढून फुंकलं, परत घातलं, परत फुंकलं.
ऑप्टोकपलर उलटा बसवला होता मी, तो रविवारीच सुलटा केला.
(तो मला आवडतो. आठ पायांचा काळा किडा,
पोटात एवढंसं अंधारं घर:
एका भिंतीवर दिवा, समोरच्या भिंतीवर डोळा.
वीज उंबऱ्यावर थांबते,
निरोप तेवढा पलीकडे जातो.)

बुधवारी सात ते आठ आउनेची सौनाची पाळी.
खाली जाताना तिने दार वाजवलं,
खांद्यावर टॉवेल, वय एक्क्याऐंशी,
तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजात,
आधी खुर्चीवर, मग शिडीवर.
"काय जळतंय?"
राळ.
केबल उचलून म्हणाली, "ह्यातली ग्राउंड कुठली?"
मी काळी तार दाखवली.
"कुणी सांगितलं?"
काळी आहे ना.

तिने टॉवेल खुर्चीवर टाकला.
"रंगावर जाऊ नये. कारखान्यात
त्या दिवशी जो रंग शिल्लक, तो देतात.
तारेलाच विचार."

मल्टिमीटरची एक सळई प्लगच्या पोटात,
दुसरी एकेका तारेच्या उघड्या टोकाला.
काळी गप्प.
लाल गप्प.
पांढरीही.
निळी: पीं.

निळी! आठ दिवस जिला चिकटपट्टी गुंडाळून
मी कोपऱ्यात बसवली होती.
काखेत कळसा, आणि मी गावभर.

डाग दिला. फुंकर मारली. पट्टी दाबली.
सूर आला, चौकोनी, चारही कोपरे शाबूत,
बशीतले रेझिस्टर थरथरले.
मी बोट उचललं.
सूर तसाच.
दुसरी पट्टी दाबून पाहिली, तोही अडकला.

"अगं, थांब म्हण त्याला."
म्हणायचं ते कीबोर्डने. तो म्हणत नाहीये.

लॅपटॉपवर आकडे उघडले. पट्टी दाबली की
एकशे चव्वेचाळीस, साठ, शंभर.
सोडली की
एकशे चव्वेचाळीस, साठ, शून्य.
म्हणजे: वाजव. तोच सूर. शून्य जोराने.
येरेने चाळीस युरोला विकलेल्या ह्या खोक्याला
'थांब' हा शब्दच ठाऊक नाही,
आणि माझा प्रोग्राम त्याच एका शब्दाची
वाट बघत दारात उभा.

आउने खुर्चीत बसली, टॉवेलवरच.
"नव्या मुली अशाच ताटकळायच्या,
कुणीतरी 'बरंय, ठेवते' म्हणेल म्हणून.
लोक म्हणत नाहीत.
दिवा विझतो. प्लग काढायचा."

मग, सळईला वायर गुंडाळत,
"एकदा एक दिवा अकरा मिनिटं जळत होता.
मी कानाला लावलं. दोन्हीकडे कुणीच बोलत नव्हतं.
श्वास होते."

मग?

"मग काय. नाही काढला."

सव्वासात झाले होते. मी एक ओळ लिहिली:
जोर शून्य असेल, तर थांब.
लिहून तिच्याकडे पाहिलं,
ती जिन्याकडे निघाली होती,
भट्टी आपल्यासाठी थांबत नाही म्हणत.

दाबलं. वाजला.
सोडलं. थांबला.
धबधबा परत ऐकू आला.

काळ्या तारेचं काय करायचं
ते अजून ठरलेलं नाही.